पीठ मर्यादेचं, पाणी गाळलेलं आणि गॅसच्या नळीला गुंडाळलेली वायर



या वेळी लोणच्याच्या मर्यादेबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या खेपेला. आज चिडून लिहिते आहे आणि ते लपवत नाही. चिडले आहे थोडी आमच्या सोसायटीवर, थोडी इलेक्ट्रिशियनवर आणि सगळ्यात जास्त आपणा बायकांवर. त्यात मीही आलेच.

चातुर्मासात आमच्याकडे चौका होता. ज्यांच्या घरी चौका लागतो त्यांना सकाळची धावपळ सांगायला नको. पहाटे उठून आंघोळ, सोवळ्याची धुतलेली साडी (पावसाळ्यात ती कधी नीट वाळत नाही), ओटा पुसून झालेला, फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. दूध तापवायचं म्हणून भिंतीवरच्या पितळी कॉकला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात आपोआप मागे आला. मला वाटलं, उपवासाने अशक्तपणा आला असेल. दुसऱ्यांदा बोट टेकवलं, पुन्हा तेच. यजमानांना हाक मारली. त्यांची चप्पल पायात होती, त्यांना काहीच लागलं नाही. म्हणाले, "भास आहे तुझा." मग त्यांनी टेस्टर आणला, कॉकला टेकवला आणि तो लागला.

गॅसच्या नळीत करंट! आणि त्या कॉकला माझ्यानंतर हात लावणार होत्या माझ्या सासूबाई, वय ७६. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर तो कॉक त्याच फिरवतात, दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नाही.

त्या दिवशी मेन स्विच पाडून, गॅस बंद ठेवून कसाबसा चौका झाला. शेजारच्या जैन बिऱ्हाडाने आपला ओटा दिला. संध्याकाळी माझा आतेभाऊ आला. वीजखात्यात आयुष्य काढून तो निवृत्त झाला आहे. त्याने आमचं घर तपासलं, काही सापडेना. आमचा मेन बंद असतानाही कॉकवर टेस्टर लागतच होता. म्हणजे करंट आमच्या घरातला नव्हता. मग तो जिना चढून वर गेला. वरच्या काकींनी दोन आठवड्यांपूर्वी नवा गीझर बसवला होता. न्हाणीघरातल्या जुन्या थ्री-पिन सॉकेटला अर्थची वायरच नव्हती, तिसरं भोक नुसतं शोभेला. गीझर बसवणाऱ्याने काय करावं? खिडकीतून एक हिरवी वायर बाहेर काढली आणि भिंतीवरून जाणाऱ्या गॅसच्या पाइपला चार वेढे देऊन गुंडाळली. काकींना सांगून गेला, "आता अर्थिंग पक्कं झालं, पाइप जमिनीतच जातो."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याचा समाचार आधी घेते. पाइप जमिनीत जातच नाही. आपल्या शहरांत घरोघरी जो नळाचा गॅस येतो, त्याची रस्त्याखालची नळी पिवळ्या प्लास्टिकची असते, पॉलिथिलीनची. इमारतीच्या पायाशी ती वर येते तिथे सांधा असतो, आणि तिथून पुढे भिंतीवर लोखंडी जीआय पाइप, मग घरात तांब्याची नळी. म्हणजे डोळ्यांना जो पाइप जमिनीत शिरताना दिसतो, तो जमिनीत शिरताच प्लास्टिक होतो. प्लास्टिकमधून करंट जमिनीत कसा जाणार? वरच्या गीझरचा करंट त्या पाइपवर आला आणि तिथेच थांबला. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक स्वयंपाकघरात, कुणीतरी ओल्या पायांनी हात लावायची वाट बघत.

आता मला सगळ्यात टोचलेली गोष्ट सांगते. माझ्या घरात आरसीसीबी आहे, ३० मिलिअँपिअरचं, मी हट्टाने बसवून घेतलेलं. करंट गळू लागला की ते स्वतःहून वीज तोडतं, एवढं मला माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. त्या दिवशी ते हललंसुद्धा नाही. का? आतेभावाने समजावलं तेव्हा कळलं. ते यंत्र फक्त आपल्या घरात आलेली आणि आपल्या घरातून परत गेलेली वीज मोजतं. मला बसलेला करंट वरच्यांच्या मीटरमधून आला होता. माझ्या यंत्राच्या हिशेबी काहीच घडलं नव्हतं. आणि वर काकींकडे आरसीसीबी नव्हतंच. म्हणजे बघा, राखण प्रत्येकाची वेगळी आणि नळी मात्र सगळ्यांची एकच. "आमच्या घरात आम्ही काय करायचं ते करू" हे वाक्य निदान गॅसच्या नळीच्या बाबतीत कुणी बोलू नये.

आकडे कंटाळवाणे वाटले तरी एकदा वाचाच. घरातली वीज २३० व्होल्टची. ओल्या हातापायांचा माणूस विजेला साधारण हजार-दीड हजार ओहमचा अडथळा करतो. दीड हजार धरला तर दीडशे मिलिअँपिअर शरीरातून जातील. आरसीसीबी ३० ला तोडतं ते उगाच नव्हे, त्यापुढे हृदयाचा ठेका बिघडण्याचा धोका सुरू होतो. मला नुसत्या झिणझिण्यांवर सोडलं ते गीझरची गळती अजून थोडी होती म्हणून. गीझरची कॉइल पूर्ण फुटली असती तर हा लेख लिहायला मी नसते.

"पण एमसीबी पडला असता की!" असं आमच्या चेअरमनांनी छातीठोक सांगितलं. नसता पडला. समजा पाइप कुठेतरी ओल्या भिंतीला टेकून जमिनीशी थोडाफार जोडला गेला आहे आणि त्या वाटेचा अडथळा २० ओहम आहे. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. गीझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो म्हणणार, ठीक चाललं आहे. तो पडणार नाही, वीज पाइपवर राहणार. याच्या उलट, अर्थची वायर नीट मीटरपर्यंत नेलेली असेल आणि सगळ्या वाटेचा अडथळा एक ओहम असेल, तर गीझर बिघडताच २३० अँपिअरचा लोंढा जातो आणि एमसीबी त्याच क्षणी पडतो. म्हणजे अर्थिंगचं काम करंट "जमिनीत जिरवणं" एवढंच नाही. बिघाड झाला की वीज तुटेल इतका मोठा, सरळ रस्ता देणं हे त्याचं खरं काम. गॅसची नळी तो रस्ता देऊ शकत नाही.

आणि समजा एखाद्या जुन्या इमारतीत नळी खरोखर लोखंडाची असून जमिनीत गेली आहे, तरी ती वापरायची नाही. तिच्या सांध्यांना टेप आणि लांबी असते, मध्ये मीटर असतो, दुरुस्तीवाला येतो आणि सांधा खोलतो. त्या क्षणी नळीतून करंट वाहत असेल तर खोलताना ठिणगी पडते. कुठे? जिथे गॅस बाहेर येतो आहे नेमकी तिथेच. आणि सांधा खोलणाऱ्याचे दोन हात नळीच्या दोन टोकांवर असतात, तुटलेला रस्ता त्याच्या छातीतून पुरा होतो. तो कुणाचा तरी मुलगा असतो, आपल्याकडे पाणी मागून पिणारा.

नियम काय म्हणतो तेही सांगते, कारण सभेत मला "कुठे लिहिलंय" असं विचारलं गेलं. अर्थिंगचं आपल्या देशाचं मानक आहे आयएस ३०४३, वायरिंगचं आयएस ७३२. जगभरच्या मानकांसारखाच त्यांचाही रोख आहे: ज्वालाग्राही वायूची नळी ही अर्थ म्हणून वापरायची वस्तू नव्हे. आणि मीटरपाशी अर्थचं टर्मिनल देणं व ते सांभाळणं ही वीज पुरवणाऱ्याची जबाबदारी आहे, ती १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आली आहे आणि पुढच्या केंद्रीय विनियमांतही आहे. म्हणजे "सॉकेटला अर्थ नव्हता, म्हणून पाइपला लावला" याला उत्तर आहे. अर्थ मीटरपाशी असायला हवा, नसेल तर तिथे मागा, आणि तिथून वायर ओढून सॉकेटपर्यंत आणा. त्याला भिंत फोडावी लागते, दोन दिवस धूळ होते, पैसे लागतात. चार वेढे गुंडाळायला पाच मिनिटं लागतात. बाकी सगळं कारण सांगण्यापुरतं.

इथवर माझ्याशी सगळ्या सहमत असतील. आता पुढचं.

सोसायटीने तातडीची सभा घेतली. मला वाटलं, चला, जाग आली. सभेत ठरलं काय, तर "गॅसच्या पाइपला कुठलीही वायर नको, सगळ्या कापून टाका." दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि कापत सुटला. वरची ती हिरवी वायर गेली, बरं झालं. आणखी दोन मजल्यांवर तसल्याच सापडल्या, एक पाणी शुद्ध करायच्या यंत्राची, एक वॉशिंग मशीनची. त्याही गेल्या. आणि तळमजल्यावर, मीटरच्या खोलीशेजारी, पाइपला क्लॅम्पने घट्ट बसवलेली एक जाड हिरवी-पिवळी वायर होती. ती इमारतीच्या मुख्य अर्थच्या पट्टीला जोडलेली होती, बांधणाऱ्याने सुरुवातीलाच घातलेली. तीही कापली! ज्या एका वायरीला तिथे राहायचा हक्क होता, ती.

या दोन वायरींतला फरक आपल्या बायकांना कळला पाहिजे असा माझा आग्रह आहे, कारण पुरुषांच्या सभेला तो कळला नाही. एक वायर गीझरचा बिघाड नळीच्या माथी मारते. दुसरी वायर नळीला घराच्या अर्थशी जोडून ठेवते, म्हणजे नळीवर कुठून करंट आलाच तर तो मोठ्या रस्त्याने परत जाईल आणि एमसीबी पडेल. या दुसऱ्याला बाँडिंग म्हणतात. शॉक बसतो तो दोन वस्तूंच्या पातळीत फरक असला की. नळी एका पातळीवर, पाण्याचा नळ दुसऱ्या पातळीवर आणि आपण दोन्हींना हात लावून मध्ये. बाँडिंग म्हणजे या सगळ्या धातूंना एकाच पंगतीला बसवणं. पंगतीत कुणी वर नाही, कुणी खाली नाही, मग वाहायला उतारच उरत नाही. नळीला घरातली म्हणून पंगतीला बसवायची, पण तिच्याकडून हमाली करून घ्यायची नाही. एवढाच नियम आहे, आणि जगात सगळीकडे तो असाच आहे.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिला फोनवर हे सांगितलं तर तिने लगेच तळघरातला फोटो पाठवला. तिकडे पिवळ्या वेष्टणाची, वळ्या-वळ्यांची लवचीक स्टीलची नळी असते, तिचा पत्रा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. वीज कोसळली तर आसपासच्या धातूंमध्ये ठिणगी उडून असल्या नळीला भोक पडल्याचे, आगी लागल्याचे प्रकार तिकडे झाले, कोर्टकज्जे झाले. मग २००९ च्या त्यांच्या गॅस संहितेत नियम आला की अशी नळी घराच्या अर्थशी चार मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तांब्याच्या वायरने जोडायचीच. आणि त्याच देशाची वीज संहिता सांगते की जमिनीतली गॅसची नळी अर्थ म्हणून वापरायला मनाई. जोडा, पण अर्थ करू नका. इंग्लंडात तर ही जोडणी गॅसच्या मीटरपासून ६०० मिलिमीटरच्या आत, नळीला फाटा फुटण्याआधी करायची असा दंडक आहे. नणंद म्हणते, "घर घेताना इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन ते क्लॅम्प शोधत होता." आमच्याकडे टॉर्च होता, कापायची पक्कडही होती, शोधायचं काय ते तेवढं माहीत नव्हतं.

प्रामाणिकपणे एक बाजू मांडते. जिथे जमिनीतून येणारी नळी प्लास्टिकचीच आहे तिथे बाहेरून करंट आत येण्याची वाटच नाही, म्हणून वेगळं बाँडिंग लागतं की नाही यावर जाणकारांतही चर्चा आहे. काही नियमांत तशी सूटही आहे. ती चर्चा परवानाधारक माणसाने इमारत बघून, मोजून करावी. पण ती सभेत हात वर करून ठरवायची गोष्ट नव्हे. ज्या इमारतीत आठ-आठ घरांचे गीझर, चिमण्या, ओव्हन त्या पाइपच्या वितभर अंतरावर आहेत आणि तीन घरांनी त्याला वायरी गुंडाळल्याचं आत्ताच सापडलं आहे, तिथे असलेलं बाँडिंग कापणं याला मी शहाणपणा म्हणणार नाही.

आता आपल्याकडे वळते.

आपण पावसाळ्यात तीन दिवसांवरचं पीठ वापरत नाही. उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे आपल्या लेकींना पाढ्यासारखं पाठ असतं. पाणी गाळून छन्न्यातली जिवाणी जपून परत पाण्यात सोडणारी आजी माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेगडी पेटवण्याआधी बर्नरवर मुंगी नाही ना, हे मऊ फडक्याने बघून घेणारी मी एकटी नाही, आपण सगळ्याच तसं करतो. आणि त्याच शेगडीच्या मागे जाणारी रबरी नळी किती वर्षांची आहे? तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांत बदलायची. मी मंडळाच्या बैठकीत विचारलं, वीस-बावीस जणी होतो. दोघींनी सांगितलं. पिठाच्या मर्यादेत आपण एक दिवस चुकत नाही आणि नळीच्या मर्यादेत पाच-सहा वर्षं चुकतो.

एकीने ऐकवलं, "ताई, हे धर्माचं नाही, हे मिस्त्रीचं काम." का नाही धर्माचं? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला पहिलं स्थान दिलं आहे. बेफिकिरीतून जो प्राणघात होतो ती हिंसा. हेतू वाईट असण्याची अट तिथे नाही. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले, त्यात प्रमादचर्या आहे आणि हिंसादानही आहे, म्हणजे दुसऱ्याच्या हाती घाताचं साधन देणं. खालच्या बिऱ्हाडाच्या कॉकवर २३० व्होल्ट पाठवणं हे कशात बसतं ते तुम्हीच ठरवा. काकींच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, त्या रडल्या बिचाऱ्या. पण "मला माहीत नव्हतं" म्हणून रात्रीभोजनाचा दोष टळतो असं आपण कुणाला म्हणू देतो का?

दुसरीने कर्माचा उदय काढला. जायची वेळ आली की कशानेही जातं, इत्यादी. मग पाणी कशाला गाळतेस, असं मी विचारलं. त्या जिवांचाही उदय असेलच की. ती माझ्यावर रागावली आहे, अजून बोलत नाही. चालेल.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर होता आणि मी त्याचा मान राखते. एका वयस्कर मावशींनी विचारलं, अर्थिंगचा खड्डा खणायचा, त्यात कोळसा-मीठ घालायचं, उन्हाळ्यात पाणी सोडायचं, यात पृथ्वीकायिक-जलकायिकांची विराधना होते ना? होते. चूल स्वतःच पंचसूनांपैकी एक आहे. पण मावशी, श्रावकाला संकल्पी हिंसा सोडायला सांगितली आहे. आरंभी हिंसा घर चालवायला होते, ती कमीत कमी ठेवायची. एक खड्डा, एकदाच, आठ बिऱ्हाडांच्या पंचेंद्रियांच्या रक्षणासाठी. घरात तीन गीझर आणि दोन एसी चालतात तेव्हा तेजस्कायिकांचा विचार येत नाही आणि अर्थिंगच्या खड्ड्याला येतो, हे मात्र मला पटलं नाही. (विजेत जीव आहे की नाही, यावर आपल्या साधुवर्गात किती वर्षं वाद चालला आहे! मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की ती वीज तुमच्या घरातून परत कुठे जाते.)

आणि हे मिस्त्रीचं काम, "ह्यांना" विचारायचं काम, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. स्वयंपाकघरात अनवाणी कोण असतं? न्हाऊन, ओल्या साडीत, ओल्या फरशीवर, चप्पल तर उंबऱ्याबाहेर. आपलं सोवळं आपल्याला जितकं शुद्ध करतं तितकंच विजेच्या दृष्टीने उघडं पाडतं. रबरी चपलेत उभ्या असलेल्या बाईला जे लागणार नाही ते आपल्याला लागतं. माझ्या यजमानांना नाहीच लागलं. सोवळं सोडा असं मी म्हणत नाही, मी सोडणार नाही. म्हणूनच इतर कुणाच्याही आधी आपल्या समाजाच्या स्वयंपाकघरांत अर्थिंग चोख असलं पाहिजे.

मंदिरांच्या विश्वस्तांनाही इथेच विचारते. आपल्या भोजनशाळांत एका वेळी दोन-दोनशे ताटं वाढली जातात. बाहेर सिलिंडरची रांग, आत भिंतीवरून लोखंडी नळी, तिच्या शेजारी कणीक मळायचं यंत्र, पाण्याचा पंप, मोठा मिक्सर, आणि फरशी कायम ओली. शिखराला सोन्याचा मुलामा चढतो, संगमरवर बदलतो, देणगीदारांची पाटी लागते. अर्थिंगची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारल्यावर व्यवस्थापक माझ्याकडे असं बघतात जणू मी कांदा मागितला. पुढच्या दशलक्षणात एखादीने आपल्या दानातून भोजनशाळेचं अर्थिंग मोजून घेतलं आणि आरसीसीबी बसवलं तर त्याला अभयदान म्हणायला माझी हरकत नाही. पाटी हवी असेल तर मी स्वतः रंगवून देईन.

ज्या मैत्रिणी सांगली-कोल्हापूरकडे सिलिंडर वापरतात त्या म्हणतील, आम्हाला काय त्याचं. नुसता सिलिंडर आणि रबरी नळी असेल तर खरंच फारसं नाही. पण गॅलरीत सिलिंडर ठेवून ओट्यापर्यंत तांब्याची नळी नेलेली असेल, तर तुमचीही तीच गोष्ट. एकदा ती नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घाला. कुठे वायर गुंडाळलेली दिसली तर स्वतः ओढू नका. करंट वाहत असेल तर ओढताना ठिणगी पडेल, शिवाय ती ज्या यंत्राची आहे त्याचा होता-नव्हता आधार जाऊन तेच अंगावर येईल. आधी त्या यंत्राचा स्विच आणि घराचा मेन बंद करा, आणि परवाना असलेल्या माणसाला बोलवा. त्याला "अर्थिंग बघ" असं मोघम सांगू नका. मोजून आकडा लिहून दे म्हणा. जाड, क्लॅम्पने बसवलेली, मुख्य पट्टीकडे जाणारी वायर असेल तर तिला कुणाला हात लावू देऊ नका. आणि आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, पडलं पाहिजे. मी शुक्ल चतुर्दशीला दाबते. उपवास लक्षात राहतो, त्याबरोबर हेही राहतं.

आमच्या इमारतीचं सांगायचं तर वरच्या काकींच्या न्हाणीघरात अर्थची वायर मीटरपासून ओढून झाली, त्यांनी आरसीसीबीही बसवलं. बाकीच्या दोन घरांपैकी एकाने केलं, एकजण म्हणतो दिवाळीनंतर. तोवर त्याचं वॉशिंग मशीन अर्थाशिवाय चालू आहे. तळमजल्यावरची कापलेली जाड वायर तशीच लोंबते आहे. चेअरमन म्हणाले, "वार्षिक सभेत विषय घ्या, ठराव लागेल." कापायला ठराव लागला नव्हता असं मी म्हटलं, त्यावर ते हसले. मी लेखी अर्ज दिला आहे, त्यावर इमारतीतल्या सहा बायकांच्या सह्या आहेत. सातवी सही सासूबाईंची. कॉक अजून त्याच फिरवतात, आता पायाखाली रबराची चटई घालून, आणि ती चटई ओट्यापाशी चालेल की नाही यावर त्यांनी दोन दिवस विचार केला होता.